शेजारची सीट

शनिवार, ८ तारीख

चि. टाचणीस,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप पोचल्याचं बटणाने फोनवर सांगितलं. तुझ्यासाठी काय आणू असं मी विचारलं तर आमची नात म्हणाली, "काही नको, माझा हरवलेला मोजा शोधा." मोजा सापडला आहे, तिला सांग. इकडे आम्ही दोघं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, तुझ्या सासूबाई गुडघ्यावर कुरकुरतात, म्हणजे घर नेहमीसारखं चाललंय.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं. सगळा जन्म शिलाई मशीनच्या खडखडाटात गेला, आता माणसांचा आवाज कानापर्यंत पोचायला वेळ लागतो. शिवाय फोन माझ्या हातात आला की दोन वाक्यांत तुझ्या सासूबाई तो काढून घेतात, आणि तुमचं बोलणं संपेपर्यंत मला काय सांगायचं होतं तेच मी विसरतो. कागद निदान कोणी हिसकावत नाही.

तर तू सीटा दुरुस्तीला ठेवून गेलेल्या गाडीचं वर्तमान. काल दोन्ही पुढच्या सीटा काढून बाकावर घेतल्या. सीटांखाली जे निघालं त्याची पुडी बांधून ठेवली आहे: केसांच्या पिना, वर सांगितलेला मोजा, अर्धी पेन्सिल, आणि बिस्किटांचा एवढा चुरा की मुंग्यांचं लग्न थाटात लागलं असतं. चामडं मूळचं चांगलं आहे, पण उपाशी आहे. उन्हात उभी गाडी, वर कोणी कधी मलम लावलं नाही, मग ते तहानेल्या ओठासारखं फुटणारच. भेगा बऱ्याच आहेत, पण वरवरच्या आहेत. भरून निघतील.

तुझ्या बाजूच्या सीटची, म्हणजे चालवणाऱ्याच्या सीटची, दाराकडची उंच कड मात्र पार गेली आहे. रंग उडून आतला पांढुरका पदर दिसतो. हे तुझं काम नव्हे, आमच्या पोराचं, लंबूचं. तो गाडीतून कधी उतरला नाही, घसरला. मी त्याला कितीदा सांगितलं, "अरे, पाय बाहेर टाक, दाराला धर आणि अंग उचलून उतर. सीट म्हणजे घसरगुंडी नव्हे." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "फाटली तर तुम्ही आहात की, बाबा." सीट फाटली आणि मी आहे, तेवढं त्याचं खरं झालं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. बैठकीवर मागच्या बाजूला मला एक चौकोन दिसला, तिथली चकाकी घासून गेलेली. बोट फिरवलं तर खरखरीत. मग कळलं, घडी घातलेला टॉवेल! ही गाडी त्याने जुनी म्हणून घेतली तेव्हा त्याच्या लांबलचक मापाची, खोल बैठक मीच करून दिली होती. त्यात तो इतकी वर्षं बसून ती आणखी खोलगट झाली. आणि तू एवढीशी. उगाच का त्याने लग्नाआधीच तुला टाचणी म्हणायला सुरुवात केली! त्या खड्ड्यात बसून तुला समोरचा रस्ता दिसत नसणार. म्हणून तू टॉवेल घातलास आणि पाठदुखी सोसलीस. तो गेल्यापासून इतकी वर्षं. मला का सांगितलं नाहीस ते विचारत नाही. सांगितलं असतंस तर मला सीट उघडावी लागली असती, हे तुलाही ठाऊक होतं.

निघताना तू विचारलंस, "बाबा, गाडी विकू का ठेवू? तुम्ही म्हणाल तसं." त्याच्याआधी दोनदा तू "बाबा, एक सांगायचं होतं" म्हणालीस आणि दोन्ही वेळा शिवणीबद्दलच काहीतरी विचारलंस. मग बस आली आणि तू गेलीस. गाडीचं उत्तर काम झालं की देतो. आधी मळ निघू दे, मग खाली काय उरलंय ते बघू.

शेजारच्या सीटबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आज हात दुखतोय.

तुझा,
बाबा


गुरुवार, १३ तारीख

चि. टाचणीस,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. "घाई नाही, बाबा. शेजारच्या सीटला फार काही करू नका, ती बरी आहे." बरं. तू म्हणतेस तर बरी आहे.

धुण्याचं काम उरकलं. लोकांना वाटतं चामडं धुवायचं म्हणजे बादलीभर पाणी ओतायचं. पाणी नाही, फेस लागतो. साबणाचा फेस करायचा, मऊ ब्रशने गोल गोल फिरवायचा, काळा झाला की ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. घासायचं नाही. जोर केला की मळाबरोबर रंगही येतो आणि मग पोराच्या कानाखाली वाजवल्यावर जसं वाटतं तसं वाटतं. मग सावलीत वाळवायचं, घाई केली की कडक होतं. तुझ्या सीटमधून निघालेला फेस असा काळा होता की मी तुझ्या सासूबाईंना मुद्दाम बोलावून दाखवला. त्या म्हणाल्या, "तुमची कॉलरही अशीच निघते." विषय संपला.

त्यांचं एक सांगायचं आहे. रोज दुपारी चहाचा कप घेऊन त्या दुकानात येतात आणि लंबूच्या सीटमध्ये बसतात. सीट आता लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आहे, गाडी नाही, स्टिअरिंग नाही, समोर माझी मशीन आणि भिंत. तिथे पाय लांब करून बसतात. काल मी सहज म्हटलं, "आतला फोम बदलायला लागेल. दाराकडे त्याचं पीठ झालंय, आणि मधे खड्डा. वरून थर देऊन चालणार नाही." तर त्यांनी कप खाली ठेवला. "कातड्याला काय करायचं ते करा. आतल्याला हात लावायचा नाही."

 तुला म्हणून सांगतो, मलाही ते झेपणार नव्हतं. त्या खड्ड्यात हात घातला की तो कसा बसायचा ते हाताला कळतं. एका अंगावर जरा जास्त कललेला, डावं ढोपर वर. फोटोत माणूस नुसता हसतो. इथे त्याचं वजन आहे. आता तूच सांग, पाठ तुझी दुखते, आठवण आमची आहे, आणि सीट एकच. मी दोन दिवस फक्त कडेच्या भेगा भरत बसलो आहे, म्हणजे त्या प्रश्नाला हात लावावा लागत नाही. पातळ लेप द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक पॉलिशपेपरने पुसायचा, पुन्हा द्यायचा. वेळकाढूपणाला याच्यासारखं काम नाही.

हां, एक विचारायचं होतं. बटण आता तुझ्या मागे बसते का? तुझ्या सीटच्या पाठीवर तिच्या बुटांचे ठसे आहेत. पूर्वी ती शेजारच्या सीटच्या मागे बसायची, ती सीट पुढे असायची म्हणून तिला पाय हलवायला जागा व्हायची. सहज विचारलं. पुसले आहेत ठसे, रागावू नकोस तिला.

शेजारची सीटही धुतली. तिच्यातून काळा फेस निघाला नाही, शिवणीतून पांढरा निघाला. साबणाचा नाही. बोटावर घेऊन पाहिला. असो, धूळ कुठूनही येते.

दुकानापुढचं झाड पालिकेच्या माणसांनी छाटलं, आता दुपारी ऊन थेट बाकावर येतं. जुन्या चादरीचा पडदा लावला आहे. बाकी ठीक.

तुझा,
बाबा


बुधवार, १९ तारीख

चि. टाचणीस,

आशीर्वाद. काम लांबलं आहे आणि त्याला कारण मी आहे. तू म्हणाली होतीस शेजारच्या सीटला फार काही करू नका. मी केलं. ऐक.

माझा धंदा तुला माहीत आहे. गिऱ्हाईक काहीही सांगो, त्याची सीट मला खरं काय ते सांगते. नवरा-बायकोचं भांडण चालू असेल तर शेजारच्या सीटची दाराकडची बाजू जास्त झिजते. मी कोणाला बोलत नाही, आपण बरं आणि आपलं काम बरं. पण ही सीट घरची होती.

ती काढतानाच मला कळलं होतं. बोल्ट उघडायला सीट रुळावरून पुढे-मागे करावी लागते. लंबूशेजारी बसायचीस तेव्हाची तुझी जागा पहिल्यापासून पुढची, रुळावर वर्षानुवर्षांचं ग्रीस तिथेच घट्ट झालेलं. आता सीट होती पार मागे, शेवटच्या खाचेत, आणि त्या वाटेवरचं ग्रीस ताजं खरवडलेलं. हेडरेस्ट वर ओढलेलं, इतकं वर की तुझं डोकं तिथे स्टुलावर उभी राहिलीस तरच पोचेल. त्याच्यावर तेलाचा डाग. आमच्या लंबूने जन्मात डोक्याला तेल लावलं नाही. आणि शिवणीतला तो पांढरा फेस म्हणजे खडू. तू औषधांच्या दुकानात काम करतेस, तुझा आणि खडूचा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला. सुतावरून स्वर्ग गाठायची मला हौस नाही, पण इथे सूत नव्हतं, अख्खा दोरखंड होता.

तरी मी पहिल्या दोन पत्रांत गप्प बसलो. तूही गप्प. ताकाला जाऊन भांडं लपवायचं काम आपण दोघंही करत होतो, तू गाडीचं निमित्त करून, मी फेसाचं.

मला राग आला, टाचणी. तुझ्यावर नव्हता असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. तुझ्यावर होता, त्या अनोळखी डोक्यावर होता, सगळ्यात जास्त लंबूवर होता, की हा जागा रिकामी करून गेलाच का. त्या दिवशी दवाखान्यात जाताना गाडी त्याने चालवली आणि परत येताना तू. तेव्हापासून शेजारची सीट माझ्या मनात रिकामीच होती. मला वाटायचं ती तशीच राहील. का राहावी, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

तर सोमवारी दुपारी मी तो तेलाचा डाग काढायला घेतला. साबणाने निघाला असता. थोडी खडूचीच पूड दाबून ठेवली असती तरी तेल ओढून घेतलं असतं, हे मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. मी काय केलं? चिंधी घेतली, थिनरमध्ये बुडवली आणि घासलं. जोर लावून. दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्याला ब्रशसकट दुकानाबाहेर काढलं असतं. चिंधी तपकिरी झाली तेव्हा भानावर आलो. हेडरेस्टच्या मधोमध तळहाताएवढा पांढरा डाग, रंग पार चाटून गेलेला, चामडं कोरडं ठाक.

तेवढ्यात चहा घेऊन तुझ्या सासूबाई आल्या.

"अहो, हे काय केलंत?"

"डाग होता."

"तेलाचा डाग होता. तो काढायला थिनर?"

मी म्हटलं, "तुला कसं माहीत तेलाचा होता?"

त्यांनी हेडरेस्ट आपल्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, "अहो, नाक आहे मला. सीट बाकावर ठेवलीत त्याच दिवशी वास आला. बदामाचं तेल. आपल्या घरात कोण लावतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला झेपणार नाही म्हणून."

"आणि मी तुला झेपणार नाही म्हणून बोललो नाही."

"छान," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी उगाच रोज इथे येऊन बसत होते, तुमच्या तोंडावरून कळतंय का ते बघायला." आणि लंबूच्या सीटमध्ये बसून रडायला लागल्या. मी चिंधी हातात घेऊन उभा. मग मीही खाली बसलो, ठोकळ्याला टेकून. चहा गार झाला. दोघांनी मिळून रडायची वेळ आमच्यावर तो गेल्यानंतर आली नव्हती. त्या आत रडायच्या, मी दुकानात, आणि जेवताना दोघं भाजीत मीठ कमी आहे का यावर बोलायचो.

त्यानंतर ते हेडरेस्ट दुरुस्त करणं भागच होतं. म्हणजे बघ गंमत, ज्याचं डोकं मला नको होतं त्याच्या डोक्याची उशी मी तीन दिवस मांडीवर घेऊन बसलो आहे. आधी मलम लावून मऊ केली. मग रंग जुळवला. नव्या रंगाचा पट्टा उठून दिसू नये म्हणून तो जरा मळकाच करावा लागतो. स्पंजाने थोपटत पातळ हात द्यायचे, एक वाळला की दुसरा. अशा कामात रागाला धरून ठेवता येत नाही, हात थरथरला की ठिपका पडतो. बसल्या बसल्या मी बाकीची सीट नीट पाहिली. या वेळी गिऱ्हाइकाची सीट पाहतो तशी.

तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "कसा असेल हो तो?"

मी म्हटलं, "उंच आहे. शिकवतो कुठेतरी. खिशात किल्ल्या घेऊन बसत नाही, बसायच्या आधी काढतो, कारण एकही ओरखडा नाही. आणि ही कड बघ."

"काय आहे कडेला?"

"काहीच नाही, तेच तर. इतके दिवस बसतोय आणि कडेला एक सुरकुती नाही. अंग उचलून उतरतो. दुसऱ्याच्या वस्तूवरून घसरत नाही."

त्या म्हणाल्या, "म्हणजे लंबूपेक्षा बरं वळण आहे." आणि आम्ही दोघं हसलो. त्याच्यावर हसलो, आपल्या लंबूवर. किती दिवसांनी ते मला सांगता येणार नाही.

आता सरळ विचारतो, कारण तुला सांगायला जड जातंय. कोणी आहे ना? आहे असं मी धरून चाललो आहे. आणि मला काय वाटतं तेही सरळच लिहितो, नाहीतर पुन्हा थिनर हातात घेईन. मला भीती वाटते. तू कोणाबरोबर बसतेस याची नाही. तू आणि बटण आमच्याकडे येत होतात कारण तू सून होतीस. उद्या सून राहिली नाहीस तर कोणत्या नात्याने येशील? चार-दोन महिने येशील, मग फोन करशील, मग बटणाचा फोटो येईल. तुझ्या सासूबाईंना हे मी विचारलं तर त्या धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागल्या, म्हणजे त्यांच्याही मनात तेच आहे. आम्हाला एकच होता. बटण एकच आहे. तुझ्यावर ओझं टाकायला हे लिहीत नाही, पण लपवून तरी काय साधलं ते आपण पाहिलंच.

उत्तर दे. फोन केलास तरी चालेल, मी तो सोडणार नाही.

तुझा,
बाबा


मंगळवार, २५ तारीख

चि. मुली,

आशीर्वाद. तुझा फोन आला तेव्हा खरं तर तू बोललीस कमी आणि रडलीस जास्त. मला ऐकू कमी येतं, पण तेवढं आलं. बाकीचं तुझ्या सासूबाईंनी सांगितलं, त्यांनी अखेर फोन काढून घेतलाच. भूमिती शिकवतो म्हणे. तरीच सरळ रेषेत बसतो. बटणाचा गृहपाठ घेताना तिच्यापेक्षा तोच जास्त चुकतो हेही कळलं, आणि तू त्याला आमच्याबद्दल पहिल्याच दिवशी सांगितलंस हेही. तू घाबरत होतीस की हे कळल्यावर आम्ही दार लावून घेऊ. आम्ही घाबरत होतो की तू यायची थांबशील. एकाच दाराच्या दोन बाजूंना उभं राहून आपण कडीला हात लावत नव्हतो.

आता कामाचं. फोम बदलला.

मी बदलला नाही, माझ्याकडून बदलून घेतला गेला. रविवारी सकाळी दुकानात गेलो तर तुझ्या सासूबाई माझ्याआधी आत, हातात माझीच कात्री. म्हणाल्या, "उघडा ती सीट. पोरीची पाठ मोडायची आहे का?" मी शिवण उसवली, चामडं सोलून बाजूला केलं. आतला फोम पिवळा पडलेला, दाराकडे नुसता भुगा, पण मधला खड्ड्याचा भाग शाबूत होता. मी तो हातात घेऊन उभा राहिलो. टाकवेना. त्यांनी तो माझ्याकडून घेतला, भुग्याची कड कात्रीने कापून काढली, उरलेल्याला जुन्या चादरीची खोळ शिवली, हाताने, वाकडीतिकडी. माझ्या मशीनला हात लावायला तयार नाहीत. आणि माझ्या कामाच्या खुर्चीवर नेऊन ठेवला.

"तो आपला आहे," म्हणाल्या. "आपल्याकडे राहू दे. तिने का त्याला घेऊन फिरायचं?"

हे पत्र मी त्याच्यावर बसून लिहितो आहे. मला तो मोठा होतो, एका अंगाला कलायला होतं. दुपारी त्या चहा घेऊन आल्या की मला उठवतात आणि स्वतः बसतात. पाळी लावली आहे आम्ही.

तुझ्या सीटला नवा फोम घातला. तुझं माप माझ्याकडे नव्हतं, म्हणून टॉवेलच्या खुणेवरून काढलं. घडी किती जाड, कुठे ठेवायचीस, त्यावरून तू किती उंच बसतेस ते निघालं. पाठीला कमरेपाशी जरा फुगवटा दिला आहे. कड नवी शिवलेली नाही, तीच भरून, रंगवून घेतली आहे. बोट फिरवलंस तर जरा उंचसखल लागेल, तेवढी त्याची घसरगुंडी मी ठेवली आहे. तेवढं मला माफ कर.

देखभालीचं सांगतो. गाडी सावलीत लावत जा. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून घे, आणि मी गाडीत ठेवलेल्या डबीतलं मलम बोटाच्या पेरावर मावेल इतकंच घेऊन चोळ. जास्त लावलं की चिकट होतं आणि धूळ धरतं. स्वयंपाकघरातलं तेल कधीही नाही. भेग दिसली की लगेच सांग, मोठी व्हायची वाट बघू नकोस, टॉवेल घालून झाकू नकोस. हे शेवटचं सीटपुरतं नाही.

तू विचारलं होतंस, गाडी विकू का ठेवू. वीक किंवा ठेव, तुझी आहे. पण ते विचारायला तू गाडी घेऊन एवढ्या लांब आली नव्हतीस, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. काल संध्याकाळी सीटा परत बसवल्या. तुझी बसवली. मग शेजारची बसवताना जुन्या सवयीने मी ती पुढे ओढली, तुझ्या जुन्या जागेवर. बोल्ट आवळायला पान्हा घेतला आणि तो खाली ठेवला. रूळ पुसला, वाळलेलं ग्रीस खरवडून काढलं, नवीन लावलं, आणि सीट मागे सरकवली. शेवटच्या खाचेत ती टक् करून बसली. मग आवळले बोल्ट.

दारातून तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "बसली का नीट?"

"बसली," मी म्हटलं.

गाडी न्यायला बसने एकटी येऊ नकोस. त्याला घेऊन ये, बटणाला घेऊन ये. त्याला सांग, सासरे म्हातारे आहेत, कानाने अधू आहेत, आणि माणूस गाडीतून कसा उतरतो ते टक लावून बघतात. घाबरला नाही तर बरा. तुझ्या सासूबाईंनी वरची खोली झाडून ठेवली आहे, आणि आता आपल्याला ही पोरगी काय म्हणून हाक मारणार म्हणून माझं डोकं खात आहेत. मी सांगितलं, तेच म्हणेल जे आजवर म्हणत आली, आई.

कोणत्या नात्याने येशील असं मी गेल्या पत्रात विचारलं होतं. तो प्रश्न मी मागे घेतो. लेक घरी येते, तिला कोणी असं विचारत नाही. फक्त जावई पहिल्यांदा येणार म्हणून मी एक नवा सदरा शिवायला टाकला आहे, तेवढा शिवून होऊ दे. मग केव्हाही या.

सासऱ्याच्या कामावरून निवृत्त झालेला,
तुझा
बाबा